दादा पाण्यातून वर आला तो दिवस

माझा थोरला भाऊ पाणबुड्या होता. नौदलात पंधरा वर्षं तो जहाजांच्या बुडाखाली काम करत राहिला. पंख्यात अडकलेले दोर कापायचे, पत्रा तपासायचा, बंदराच्या गढूळ पाण्यात पडलेली एखादी वस्तू हाताने चाचपून शोधायची. घरी आम्हाला यातलं फारसं कळत नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, "पाण्याखाली मिस्त्री हाय त्यो." आणि ते तसं खरंच होतं.

आमचं गाव वाईच्या खाली, कृष्णेच्या काठी. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि नदीवरचा आमचा उतारही खालच्याच अंगाला. वरच्या घाटावर आजोबांच्या काळात आम्हाला कोणी जाऊ देत नव्हतं, आणि वडिलांच्या काळात बंदी गेली तरी जायची सवय लागली नाही. त्या खालच्या डोहात दादा पोहायला शिकला. मी काठावर धुण्याजवळ बसायची. मुलींनी पोहायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्याही नाही. वडील लष्करात होते, ते मी पंधरा वर्षांची असताना गेले. त्यानंतर दादा नौदलात भरती झाला आणि त्यानेच मला डी.एड.ला घातलं. मी सांगलीत शिक्षिका झाले, विश्रामबागेत एक खोली घेऊन एकटी राहू लागले.

नव्वद साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांत दादा निवृत्त होऊन साताऱ्यात आला. गोडोलीत त्याने तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वहिनी तिथंच अंगणवाडीत काम करायची. मूलबाळ नव्हतं. दादाला शिरवळच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी लागली. संध्याकाळी एस.टी.ने घरी आला की तो बूट न काढता खुर्चीवर बसून राहायचा. वहिनीने एकदा मला हळूच सांगितलं, "वन्सं, ह्यांना घर सोसत न्हाई." सातव्या महिन्यात त्याच्या जुन्या सोबत्याचं पत्र आलं. पोर्ट ब्लेअरला एका माणसाने जुनी बोट घेतली होती. परदेशी पाहुण्यांना तो समुद्राखालचं जग दाखवायला न्यायचा, आणि त्याला पाण्याखाली भरवशाचा माणूस हवा होता. आठ दिवसांत दादा निघून गेला.

तिथून त्याची अंतर्देशीय पत्रं यायला लागली. नौदलात असताना तो चार ओळींपुढे कधी लिहीत नसे. आता पान पुरायचं नाही, मग घडीच्या कडेने उभ्या ओळी लिहायचा. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, "पंधरा वर्षं पाण्यात काढली, पण पाणी आत्ता बघतोय." पुढच्या पत्रात बोलावणं होतं. मे महिन्याची सुट्टी धर, वहिनीला घेऊन ये, मालकाशी बोललोय, बोटीवर दोन जागा ठेवतो.

वहिनीच्या आईचं नेमकं तेव्हाच खुब्याचं हाड मोडलं. वहिनी म्हणाली, "तुमी जावा. बघून या. म्होरल्या वर्षी मी जाते." मिरजेहून बंगलोर, बंगलोरहून मद्रास आणि मद्रासहून तीन दिवस जहाज, असं करत मी एकटी पोर्ट ब्लेअरला पोचले. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि कराडच्या पुढे एकटीने कधी गेले नव्हते. धक्क्यावर दादा उभा होता. काळा ठिक्कर पडलेला, आणि हसत होता. मोठेपणी मी त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

बोट लहानशी होती. पाच पाहुणे, कप्तान, एक इंजिनवाला, एक आचारी, दादा आणि मी. पाच दिवसांची सफर होती आणि तिचा मुख्य मुक्काम म्हणजे बॅरन बेट, आपल्या देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी. पहाटे मी डेकवर आले तेव्हा तो समोर होता. समुद्रातून सरळ वर आलेला काळा डोंगर, त्याच्या तोंडातून करड्या धुराची बारीक रेघ. थोड्याच वर्षांपूर्वी तो मोठा उसळला होता. वितळलेला दगड जिथून वाहत समुद्रात उतरला होता तिथे अजून झाडाचं पान नव्हतं. वाऱ्याबरोबर काडेपेटीसारखा वास यायचा. दुसऱ्या अंगाला थोडं गवत होतं आणि त्यात चक्क शेळ्या चरत होत्या. कधीकाळी कोणी सोडलेल्या, असं कप्तान म्हणाला. बेटावर उतरायची परवानगी नव्हती, जे बघायचं ते पाण्यातून.

पहिल्या दिवशी मी पाण्यात उतरायलाच तयार नव्हते. पंजाबी ड्रेसवर फुगवलेलं जाकीट घालून मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले आणि तिथंच थिजले. दादा खाली पाण्यात होता.

"सोड पायरी. मी हाय की."

"दादा, मला नाही जमणार."

"जमायचं काय त्यात? पाणीच तुला धरतंय. तू नुसती पडून राहा."

त्याने माझ्या डोळ्यांवर काचेचा मास्क बसवला, तोंडात श्वासाची नळी दिली आणि माझं मनगट धरलं. मी पाण्यात तोंड घातलं. आधी स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकू आला, नळीतून घुमणारा, दुसऱ्याच कोणाचा असावा असा. मग खाली बघितलं.

काळी वाळू उतरत उतरत निळ्यात नाहीशी होत होती. त्याच काळ्या दगडावर, जो काही वर्षांपूर्वी आगीसारखा वाहिला होता, गुलाबी आणि पिवळ्या प्रवाळाचे गुच्छ फुटले होते. हिरव्या-निळ्या रंगाचे जाडजूड मासे ते प्रवाळ दातांनी खरवडत होते आणि फुटाणे चावावेत तसा कुरकुर आवाज पाण्यातून माझ्या कानापर्यंत येत होता. परातीएवढं एक कासव माझ्या पोटाखालून गेलं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि काही विशेष वाटलं नसावं तसं ते पुढे गेलं. मी ओरडले तर नळीत नुसता भोंग्यासारखा आवाज झाला. दादा पाण्यातच हसत होता, त्याच्या तोंडातून बुडबुडे सुटत होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून शिडी उतरले. त्या दिवशी मांटा दिसले, बारा फूट रुंदीचे मासे. दांडीवर वाळत घातलेली काळी चादर वाऱ्याने हलावी तसे ते पंख हलवत, जराही आवाज न करता खालून निघून गेले.

मग तो तिसरा दिवस. सकाळी दादा पाहुण्यांना घेऊन सिलिंडर लावून दोनदा खोल गेला. दुसऱ्या वेळी त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ मांटाच्या मागे ठरल्यापेक्षा बरेच खाली गेले. दादाने खाली जाऊन त्यांना धरलं आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर आणलं. वर आल्यावर त्याने सगळ्यांना समोर बसवून इंग्रजीत समजावलं. खोल पाण्यात श्वास घेताना वायू रक्तात मुरतो. सावकाश वर आलं आणि नंतर विश्रांती घेतली की तो आपोआप निघून जातो. घाई केली तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. म्हणून आज आता कोणी पाण्याखाली जायचं नाही. श्वास रोखून बुडीसुद्धा मारायची नाही.

मी तिथंच बसले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. त्याचा शब्द न् शब्द मला कळला होता.

जेवणं झाली. पाहुणे आत जाऊन झोपले. मी एकटी शिडीजवळ जाकीट घालून तरंगत होते. दादा डेकवर सावलीत पडला होता. खाली दोन-अडीच पुरुष पाण्यात, दगडाच्या कपारीत काहीतरी हललं. मी त्याला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ऑक्टोपस हाय. थांब, दाखवतो." मास्क चढवून तो पाण्यात आला.

"तू आत्ता सगळ्यांना काय सांगितलंस?" मी म्हणाले.

"ते गिऱ्हाइकांसाठी. मी पंधरा वर्षं हेच करतोय."

तो श्वास भरून सरळ खाली गेला, कपारीसमोर हात धरून स्थिर राहिला. थोड्या वेळाने तो प्राणी बाहेर आला. आधी दगडासारखा काळपट होता. दादाच्या हाताजवळ आला आणि एकदम विटकरी झाला, मग पांढुरका, मग अंगभर ठिपके उठले. मी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. दादा वर आला तेव्हा मी म्हणाले, "अजून एकदा."

तो गेला. परत आला. मी पुन्हा म्हणाले, अजून एकदा. ऑक्टोपस गेला तर शिंपला. शिंपल्यानंतर खडकात बसलेला, पिसारा फुलवल्यासारखा एक मासा. तो अजून खोल होता. एकदा दादा शिडी धरून जरा जास्त वेळ थांबला, तेव्हाही मी म्हणाले, "दादा, शेवटचं." दहा-बारा वेळा तरी गेला असेल. मी मोजलं नाही.

उन्हं कलल्यावर तो डेकवर सिलिंडर धूत होता. धुता धुता खाली बसला. मला वाटलं दमला असेल. म्हणाला, "पायांना मुंग्या आल्यात." मग कमरेभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागलं. त्याचा चेहरा बघून कप्तानला काय ते कळलं, कारण त्याने एक शब्द न बोलता नांगर वर घ्यायला सांगितलं. अंधार पडेपर्यंत दादाला उभं राहता येईना.

परतीला बारा तासांवर लागले. वारा उलटा होता, मे महिन्याचा समुद्र खवळायला लागला होता. बोटीवर प्राणवायूचं एक लहान नळकांडं होतं, ते अर्ध्या वाटेत संपलं. मी त्याचे पाय चोळत होते. "चोळतीयस काय?" त्याने विचारलं. त्याला कळत नव्हतं की मी चोळतेय.

पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या दवाखान्यात रक्तातले बुडबुडे पुन्हा विरावेत म्हणून त्याला दाबाच्या लोखंडी खोलीत ठेवलं. तिला एक गोल काच होती, तिच्यातून तो झोपलेला दिसायचा. पहिल्या उपचारानंतर डॉक्टरांनी त्याच्याजवळ उभं राहून एकेक गोष्ट विचारली. किती खोल, किती वेळ, वर येताना किती थांबला. मी पायथ्याशी उभी होते. शेवटी त्यांनी विचारलं, "वर आल्यावर पुन्हा श्वास रोखून खाली गेला होता का? काही वेळा त्यानेही होतं."

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघत म्हणाला, "नो, सर."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी काही बोलले नाही.

दोन महिन्यांनी त्याला घरी आणलं. एका पायाचा अंगठा हलत होता, बाकी कमरेखाली काही नाही. लघवीलाही नळी. सातारा स्टेशनवर वहिनी उभी होती. हमालांनी त्याला खुर्चीसकट खाली उतरवलं तेव्हा ती पुढे आली, त्याच्या पायांवरची शाल नीट केली आणि म्हणाली, "चला, रिक्षा थांबवलीया." एवढंच. रडली असेल तर माझ्यासमोर नाही.

त्यानंतरची पाच वर्षं मी शनिवारची सकाळची शाळा सुटली की सांगलीहून एस.टी. धरायची. इस्लामपूर, कराड, सातारा. गोडोलीच्या त्या दोन खोल्यांत फिनेलचा आणि उकळलेल्या कापडाचा वास असायचा. वहिनी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायची. सकाळी अंगणवाडीत जाताना शेजारणीला सांगून जायची, मध्ये येऊन वळवून पुन्हा जायची. तरीही पाठीला जखमा व्हायच्याच. एक भरत आली की दुसरी. आई गावाहून यायची, उशाशी बसायची, आणि दोन दिवसांत परत जायची. म्हणायची, "मला बघवत न्हाई गं." तिसऱ्या वर्षी ती गेली.

दादा पहिले काही महिने शेजारपाजाऱ्यांना समुद्राच्या गोष्टी सांगायचा. लोक ऐकायचे आणि उठताना म्हणायचे, कशाला गेलात राव तिकडं. मग त्याने सांगणं सोडलं. तो रेडिओ ऐकायचा, पेपर वाचायचा, वहिनीवर चिडायचा. चहा गार झाला म्हणून त्याने कप भिंतीवर फेकलेला मी पाहिला. नंतर वहिनी कपाचे तुकडे वेचत होती आणि तो तोंड भिंतीकडे करून पडला होता.

मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तो म्हणाला, "पेपरात काय आलंय वाच." दुसऱ्यांदा त्याने माझा हात धरला, जोरात, हातांत त्याच्या ताकद तशीच होती. म्हणाला, "कोणाला काय ठाऊक कशानं झालं? सकाळचीच बुडी लय खोल होती. ते म्हातारं खाली गेलं न्हवतं का? परत बोलू नकोस." आणि खरंच, नक्की कशाने झालं हे कोणी सांगू शकलं नसतं. मला मात्र तेवढ्याने भागत नव्हतं.

वहिनीला राग धरायला एक माणूस सापडला होता, बोटीचा मालक. त्याने दादाला विश्रांती दिली नाही, राबवून राबवून मारलं, असं ती सगळ्यांना सांगायची. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून पत्रं माझ्याकडून लिहून घ्यायची. त्याने चूक कबूल करावी एवढीच तिची मागणी. मी माझ्या वळणदार अक्षरात दोन पत्रं लिहिली. "तुम्ही माझ्या पतीला विश्रांती दिली नाहीत." त्या माणसाने दोन्हींना सौम्य उत्तर पाठवलं. त्या दिवशी दुपारी सगळ्यांना विश्रांतीच होती, असं त्याने लिहिलं होतं. वहिनी म्हणाली, "खोटं बोलतोय मुडदा."

तिसऱ्या पत्राची वेळ आली ती हिवाळ्यात. दुपारचं ऊन घेत आम्ही दोघी मागच्या दारी बसलो होतो. ती उकळलेली कापडं पिळून मला देत होती, मी दोरीवर टाकत होते.

"आज एक पत्र लिवा वन्सं," ती म्हणाली. "आता जरा कडक लिवा."

"मी नाही लिहिणार."

"का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ऑक्टोपस, शिंपला, दादा शिडी धरून थांबला होता ते, मी शेवटचं म्हणाले ते. डॉक्टरांना तो काय बोलला आणि मी कशी गप्प राहिले ते. ती ऐकताना कापड पिळत होती. त्यातून पाणी यायचं थांबलं तरी पिळत राहिली.

मग म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंत?"

मी दोरीवरचं कापड सरळ करत राहिले.

"दोन वर्षं त्या बोटवाल्याला शिव्या देऊन माझा दिस जात हुता. आता मी काय करू? तुमाला शिव्या देऊ? तुमी शनवारी येताय, ह्यांचं अंग पुसताय, तवा मी जरा पाठ टेकते. आता तुमाला दारातनं परत लावू?" तिने कापड बादलीत टाकलं. "बरं वाटलं का सांगून?"

ती उठून आत गेली. मागच्या खिडकीपलीकडेच दादाची खाट होती. मी आत गेले तेव्हा त्याने सगळं ऐकलेलं होतं. तो माझ्यावर कधी चिडत नसे, आताही त्याने आवाज चढवला नाही.

"तुला हलकं व्हायचं होतं," तो म्हणाला. "म्हणून तिच्या डोक्यावर दिलंस. तिच्याकडं आधीच काय कमी हाय?"

मी संध्याकाळच्या एस.टी.ने सांगलीला परत आले. पुढच्या शनिवारी जावं की नाही याचा आठवडाभर विचार केला आणि गेले. वहिनीने दार उघडलं, चहा ठेवला. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. मलम संपलंय. डाव्या कुशीवर घ्या. गादी उन्हात टाका. बोटवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि मला ते नाव निघेनासं झाल्याचंच जास्त लागलं.

कोयनेकडचे भूकंपाचे धक्के साताऱ्याला नवे नाहीत. भांडी वाजतात, लोक बाहेर येतात, दहा मिनिटं गप्पा मारून आत जातात. एका रविवारी सकाळी मात्र धक्का चांगला मोठा बसला. वहिनी चौकातल्या नळावर गेली होती. मी दादाला दूध देत होते. आधी खिडकीची तावदानं थरथरली, मग मांडणीवरून डबे पडले आणि छताच्या कडेने माती गळायला लागली. वाड्या-खोल्यांतून लोक ओरडत बाहेर धावले.

"बाहेर पळ!" दादा ओरडला.

मी त्याच्या काखेत हात घातले. तो हलला नाही. पाय गादीत रुतल्यासारखे. मी पुन्हा जोर लावला, दूध सांडलं, तो मला ढकलत होता. "पळ म्हणतोय न्हवं! पळ गं!" एवढ्यात वहिनी दारातून आत आली. बाहेरच्या बायका तिला हाका मारत होत्या, ते ऐकू येत होतं. ती सरळ खाटेपाशी आली आणि त्याच्या अंगावर आडवी झाली, डोकं त्याच्या छातीवर, हात त्याच्या डोक्याभोवती. मी खाटेची दुसरी बाजू धरून खाली बसले. आणखी एकदा हादरलं. मग थांबलं.

घर पडलं नाही. भिंतीला एक भेग गेली, तेवढंच. बाहेर लोक हसायला, बोलायला लागले. आम्ही तिघं तसेच होतो. दादा रडत होता. अपघातानंतर मी त्याला रडताना पाहिलं ते तेवढंच. म्हणत होता, "दोघी मेला असता. माझ्यापायी दोघी मेला असता."

वहिनी उठली, केसांतली माती झटकली आणि मला म्हणाली, "तुमी का न्हाई पळाला?"

"तुम्ही का आलात?"

ती डबे उचलायला लागली. पाठमोरी असतानाच म्हणाली, "वन्सं, मी ते इसरले न्हाई. इसरायची बी न्हाई. पण सुट्टी लागली की दोन दिस जादा ऱ्हावा. एकटीनं न्हाई हुत आता."

त्या उन्हाळ्यात मी पूर्ण सुट्टी गोडोलीत काढली. आम्ही दोघी आलटून पालटून त्याला वळवायचो. दुपारी वहिनी खरोखर झोपायची, तोंड उघडं टाकून, मेल्यासारखी. दादाचं जेवण कमी कमी होत गेलं. पुढच्या वर्षी लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, ताप उतरेना. दवाखान्यात नेलं, मूत्रपिंडं निकामी झाल्याचं सांगितलं. आठव्या दिवशी दुपारी, वहिनी पेज भरवत असताना, त्याने चमचा तोंडात घेतला आणि गिळला नाही.

साताऱ्यातच दहन केलं. पोर्ट ब्लेअरहून पत्र पाठवून बोलावणारा त्याचा सोबती आता निवृत्त होऊन कराडला राहत होता, तो आला होता. बुद्धवंदना झाल्यावर त्याने संकोचत वहिनीला विचारलं, "वहिनी, त्याची राख समुद्रात सोडायची का? मी रत्नागिरीला घेऊन जाईन. त्याला आवडलं असतं."

वहिनी म्हणाली, "त्यांना आवडलं असतं, ठाव हाय मला. पण पाण्यात न्हाई द्यायची मी."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी राख घेऊन गावी गेलो. आमच्या वाट्याचं अर्ध्या एकराचं रान आहे, नदीपासून लांब, माळाच्या बाजूला. तिथं बांधाच्या कडेला कडुनिंबाचं रोप लावायचं आणि त्याच्या बुडात राख घालायची असं वहिनीने ठरवलं होतं. वैशाखातली जमीन दगडासारखी झाली होती. मी पहार मारली तर ठिणगी उडाली. वहिनीने मारून बघितली, बोटभरही गेली नाही. मग आम्ही शेजारच्या विहिरीवरून दोन घागरी पाणी आणलं, खड्ड्याच्या जागी ओतलं, आणि ते मुरायची वाट बघत बांधावर बसलो. बराच वेळ लागला. मग वहिनीने उठून पुन्हा पहार हातात घेतली.